पिंपळओढ्याचा चौथा प्रवेश

नगरहून नेवाशाला जाणाऱ्या गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं. वाहक मात्र दारात उभा राहून 'नगर-नेवासा, नगर-नेवासा' असंच ओरडत होता आणि चढणाऱ्यांपैकी कुणाची त्याला हरकत नव्हती. मी सावेडीहून रिक्षाने स्टँडवर आलो होतो. पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी, एक धुवट सदरा आणि नानासाठी किलोभर चिवडा.

पिंपळओढा हे गावाचं खरं नाव नाही, ते मी बदललं आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये मी निवृत्त होईपर्यंत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. दर एक मेला झेंडावंदन झालं की तिथली मुलं चार प्रवेशांचं एक नाटक करतात. ते मी लिहिलेलं आहे. पहिल्या प्रवेशात महाराष्ट्र राज्य जन्माला येतं. दुसऱ्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत तीन उंचीच्या बाकांवर उभ्या राहतात. तिसऱ्यात बायकांना राखीव जागा मिळतात. चौथ्यात पिंपळओढ्याची निवडणूक बिनविरोध होते, अर्ज मागे घेणाऱ्या ताईला गाव हार घालतं आणि ती हसत हात जोडते.

चौथा प्रवेश खोटा आहे. तो बंद करावा, निदान खरा करावा, एवढ्यासाठी मी निघालो होतो. शाळेतल्या आताच्या बाई, वैशाली मॅडम, यांनी प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा इतकी वर्षं टाळलेलं काम अंगावर आलं.

२९ एप्रिल, नेवासा

नेवाशाला उतरलेला माणूस बहुधा ज्ञानेश्वरांच्या खांबाकडे जातो. मीही गेलो, सावलीला टेकलो. मंडपात गारवा होता. एक बाई खांबाला कपाळ टेकवून बराच वेळ उभ्या होत्या. पुढे प्रवरेच्या पात्रात पाणी थोडं आणि वेडी बाभळ फार. घाटावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. ज्यांनी नेवासा पाहिलेलं नाही त्यांनी उन्हाळा सोडून कधीही यावं.

तिथून तहसील कचेरीत गेलो. मला एक पायरी पाहायची होती. कचेरीला नवा दर्शनी भाग झाला आहे, फरशा गुळगुळीत झाल्या आहेत, अपंगांसाठी उतार केला आहे. जुन्या दगडी पायऱ्या मागच्या बाजूला अजून आहेत, पण तिथे आता दुचाक्या लावतात. पायरीवर बसलेल्या एका मुद्रांकवाल्याने विचारलं, "बाबा, कोनाची वाट बघताय?" मी म्हणालो, "कुणाची नाही." तो म्हणाला, "मग सावलीला या की. दगड तापल्यात."

दुपारी नाना जीप घेऊन आला. नाना म्हणजे पिंपळओढ्याचा माजी सरपंच, माझा जुना मित्र. त्या बिनविरोध निवडणुकीनंतर पहिला सरपंच तोच झाला. आता गुडघे गेले आहेत, आवाज तसाच आहे.

"काय मास्तर, अजून हाय का तुमी?"

"आहे म्हणूनच आलो."

"आलात ते बरं झालं. पन तोंड का असं? पाहुणे म्हनून आलात का दहाव्याला?"

रात्रीच्या जेवणाला त्याच्या सुनेने हुलग्याचे शेंगोळे केले होते. सावेडीत मला खानावळीचा डबा येतो. त्यात शेंगोळे कधी नसतात, आणि असते तरी असे नसते: लसणाचा झणका आणि वर कच्च्या तेलाची धार. मी दोनदा मागून घेतले. ज्या माणसाच्या घरी जेवतो आहोत त्याच्याविरुद्ध उद्या-परवा बोलायचं आहे, हे ठाऊक असून मी दोनदा मागून घेतले.

जेवण झाल्यावर ओसरीवर मी त्याला सांगितलं. तो सुपारी कातरत होता, त्याचा हात थांबला नाही.

"रूथचं म्हनता व्हय? मास्तर, तिनं सोता सही केली. कोनी हात धरला हुता का?"

"मी धरला होता."

"तुमी समजूत घातली. समजूत घालनं म्हंजी हात धरनं न्हाई." त्याने सुपारी माझ्यापुढे केली. "आन बघा, तवापासून गावात निवडनुकीवरून एक डोकं फुटलं न्हाई. शेजारच्या गावात जाऊन बघा, दोन चुलतभाऊ एकमेकांच्या मयताला जात न्हाईत. तुमच्या नाटकानं आमाला येक ठेवलं. ते मोडायला आलात व्हय?"

त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं.

३० एप्रिल, पिंपळओढा

गाव बदललं आहे. उसाबरोबर आता कांदा आला आहे. रस्त्याच्या कडेने कांद्याच्या चाळी आणि हवेत तोच वास. आठवडे बाजाराच्या जागी गाळे झाले आहेत. चावडीवर मोठा फलक आहे, 'एकमताचं गाव, पिंपळओढा', आणि त्यावर दोन्ही हात जोडलेला नाना. हा फलक पाहून मला आमच्या सावेडीच्या सोसायटीची सभा आठवली. तिथे अध्यक्षांच्या निवडीला एखाद्याने दुसरं नाव सुचवलं की सगळे असे बघतात, जणू तो जिन्यात थुंकला असावा. गावाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

रूथ साळवेचं घर गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्तीत आहे. या भागात अशा वस्त्या पुष्कळ आहेत. यांचे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. घरं साधी, दारापुढे तुळशीच्या जागी मोगरा, बाकी सगळं गावासारखंच. रूथ नववीत माझ्या वर्गात होती. लग्न गावातच झालं, वस्तीतल्या वस्तीत. आता ती साठीला आली आहे, चष्मा लावते आणि पडवीत शिलाई मशीन चालवते.

मला पाहून तिने मशीनवरचा पाय काढला नाही. टीप पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाली, "या सर. बसा. पलंगावर नका बसू, त्याचा पाय मोडलाय. खुर्चीवर बसा."

तिच्या मांडीवर एक हिरवा झंपर होता. लहान मापाचा.

"कुणाचा?" मी विचारलं.

"उद्याच्या नाटकातल्या रूथताईचा," ती म्हणाली. "दरवर्सी मीच शिवते. मॅडम मापं पाठवून देतात. ह्या सालची पोरगी बारीक हाय, लई आत घ्यावा लागला."

मी पाणी प्यायलो. तिने गुळाचा चहा टाकला. काय बोलायचं ते मी नगरहून घोळवत आलो होतो, पण त्या झंपराने ते सगळं विस्कटलं.

इथे वाचकांना मागचं सांगितलं पाहिजे. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या सगळ्या जागा देवळात बसून वाटून झाल्या होत्या. गाव बिनविरोध झालं तर सरकारकडून बक्षीस मिळेल, पेपरात फोटो येईल, असं वारं होतं. वस्तीच्या वॉर्डातली बायकांची जागाही नानाच्या चुलतभावजयीला दिलेली होती. तेवढ्यात रूथने अर्ज भरला. तिचं मागणं एकच होतं. वस्तीची दफनभूमी ओढ्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात ओढा भरला की माती द्यायला जाता येत नाही. त्या ओढ्यावर फरशी पूल हवा.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी मंडळी माझ्याकडे आली. रूथ कुणाचं ऐकत नाही, सरांचं ऐकेल, असं मंडळी म्हणाली. आणि ती माझं ऐकेल हे मलाही माहीत होतं. मी या पडवीत बसून तिला सांगितलं की राज्य एकजुटीने उभं राहिलं, तसं गावही राहतं, एका माणसाने हट्ट धरला तर सगळ्यांचं जातं. पुलाचा ठराव पहिल्या सभेत घेऊ, मी शब्द देतो. मग माझ्याच स्कूटरवर मागे बसवून तिला नेवाशाला नेलं.

पूल झाला नाही. दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात तिचे सासरे, याकोबबाबा, वारले. ओढा दोन दिवस उतरला नाही. शेवटी त्यांना ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, रस्त्याच्या कडेला पुरलं. मी तेव्हा सुट्टीला सावेडीत होतो. परत आल्यावर ऐकलं आणि त्याच आठवड्यात मुलांना चौथा प्रवेश वाचायला दिला. एक शब्दही बदलला नाही.

"रूथ," मी म्हणालो, "उद्या मी तिथे खरं सांगणार आहे. नाटक बंद करा म्हणणार आहे. तुझी परवानगी घ्यायला आलो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "चला, तुमाला पलीकडं दाखवते," म्हणाली.

एप्रिल संपत आला होता, तरी ओढ्याला पाणी होतं. धरणाचं उन्हाळी पाणी कालव्याला सुटलं की जादा झालेलं इथे उतरतं. गुडघ्याएवढं पाणी, खाली शेवाळलेले दगड. रूथ चपला हातात घेऊन सरळ निघाली. मी तिसऱ्या की चौथ्या दगडावर घसरलो आणि बसलोच. धोतर कमरेपर्यंत भिजलं, एक चप्पल वाहून गेली. तिने मागे येऊन माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"खांद्यावर पेटी असली म्हंजी दुसऱ्याला धरता पन येत न्हाई," ती म्हणाली.

पलीकडे साध्या दगडांच्या ओळी, काही लाकडी क्रूस, एक कडुनिंब. मी विचारलं, याकोबबाबा कुठे? तिने हात उलट्या दिशेला केला, ओढ्याअलीकडे, आम्ही आलो त्या डांबरी रस्त्याकडे. रस्ता रुंद करताना ती कडा रस्त्यात गेली. कोणी मुद्दाम केलं नाही. खूण म्हणून ठेवलेला दगड मुरमाच्या ढिगाखाली गेला आणि पुढे डांबर पडलं. आदल्या दिवशी नानाची जीप मला त्याच रस्त्यावरून गावात घेऊन आली होती.

परत येताना ती बोलली. "नववीत तुमी वर्गात ग्रामसभा घ्यायचात. म्या येकदा विचारलं हुतं, ठराव नको असंल तर हात कधी वर करायचा? आठवतं का?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, वेळ आली की सांगीन. माझ्या वर्गातल्या ग्रामसभेत सूचक असायचा, अनुमोदक असायचा, 'बाजूने कोण?' असं विचारलं जायचं आणि सगळे हात वर झाले की ठराव मंजूर व्हायचा. 'विरोधात कोण?' हा प्रश्न मी त्यात कधी ठेवलाच नाही. वर्ग शांत राहावा, तास वेळेत संपावा, एवढंच कारण होतं.

"नाटक बंद करा न्हाईतर चालू ठेवा," वस्तीशी आल्यावर रूथ म्हणाली, "ते तुमचं तुमी बघा. माझ्या नावानं रडू नका तिथं. पन येक सांगा त्या पोरीला. ती शेवटाला हसती ना, तेवढं नको. मी हसले नव्हते."

१ मे, शाळेचं पटांगण

ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं म्हणून सकाळी लवकरच मांडव भरला. झेंडावंदन, राज्यगीत, मग मुलांचे निकाल. नानाने मला स्वतःच्या जुन्या चपला दिल्या होत्या, त्या एक माप मोठ्या होत्या. रूथ मागे बायकांत बसली होती.

वैशाली मॅडम तरुण आहेत, मन लावून शिकवतात. मी आदल्या संध्याकाळी त्यांना भेटलो होतो. ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्या म्हणाल्या, "सर, पण नाना आमच्या शाळा समितीवर आहेत हो. माझी बदली..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "तुम्ही बोला सर. तुम्ही बोललात तर मी अडवणार नाही."

मी बोललो. आधी मुलांना सांगितलं की राज्याची गोष्ट मी तुमच्या आईबापांना अर्धीच शिकवली. हे राज्य सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून झालं नाही. दिल्लीचा निर्णय मान्य नाही, असं म्हणत लोक रस्त्यावर आले, तुरुंगात गेले, गोळ्या लागून मेले. तो भाग मी एका वाक्यात उरकायचो आणि कलशाचं चित्र मात्र दोन तास काढून घ्यायचो. मग अर्ज, स्कूटर, पूल आणि याकोबबाबा, सगळं क्रमाने सांगितलं. तिचं नाव घेऊन रडलो नाही. शेवटी म्हणालो, चौथा प्रवेश करू नका. केलात तर त्यात ताई हसत नाही असा करा.

मग नाना उठला, काठीवर रेलून माईकशी आला.

"सरांनी मन मोकळं केलं," तो म्हणाला. "एवढा मोठा मानूस एवढ्या लोकांत चूक कबूल करतो. टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या. "आता नाटकाचं. नाटक कोनाचं? पोरांचं. मग आपन कोन ठरवनार? आपन लोकशाही शिकवतो ना? पोरांचीच ग्रामसभा हाय, पोरंच ठरवतील."

मी नानाला चाळीस वर्षं ओळखतो. त्याने हे कपटाने केलं असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच वाटलं की यापेक्षा न्यायाचं काही नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. फेटा बांधलेली आठवीतली एक मुलगी सरपंच झाली होती. ती टेबलामागे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ठराव. नाटक दरवर्षीप्रमाणे करण्यात यावे. सूचक?"

एक मुलगा उठला.

"अनुमोदक?"

दुसरा उठला.

"बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. खूप हात. मागच्या रांगांमधल्या मुली आधी पुढे बघत होत्या, पुढचे हात गेले की आपले वर करत होत्या. काही हात मांडीवरच राहिले असतील. पांढऱ्या बाह्यांच्या त्या गर्दीत मला दिसले नाहीत, आणि मोजायची पद्धत मी शिकवलेली नव्हती.

"ठराव सर्वानुमते मंजूर."

मी उभा राहिलो. "बाळ," मी मोठ्याने म्हणालो, "विरोधात कोण, ते विचार."

मुलगी गोंधळली. तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडमनी नानाकडे पाहिलं. तेवढ्यात पहिल्या प्रवेशाची हलगी वाजायला लागली. पोरांना वाटलं सुरू झालं, आणि सुरू झालंच.

नाटक चांगलं बसवलं होतं. कलश आला, तीन बाकांवर तीन संस्था उभ्या राहिल्या, खालच्या बाकावरची ग्रामपंचायत दरवर्षीसारखी डुगडुगली आणि लोक हसले. चौथ्या प्रवेशात हिरव्या झंपराची बारीक मुलगी आली. तिने गावकऱ्यांचं म्हणणं ऐकलं, कागद मागे घेतला, झेंडूचा हार गळ्यात पडला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती हसली. सगळे दात दाखवून, दोन्ही हात जोडून हसली, आणि मांडव टाळ्यांनी भरून गेला.

नंतर ती मुलगी माझ्या पाया पडायला आली. हार गळ्यातच होता. मागून रूथही आली होती, झंपराचा एक टाका उसवला होता तो बघायला.

"सर, बरोबर झालं का?"

"बाळ, मी सांगितलं ना," मी म्हणालो. "ती हसली नव्हती. या बघ, या उभ्या आहेत. यांना विचार."

मुलीने रूथकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. तिला खरंच कळेना.

"पन सर, नाटकात तुमीच तसं लिहिलंय. कंसात. 'हसत'."

रूथने तिला पाठमोरी केलं आणि तोंडातली टाचणी काढून उसवलेल्या जागी लावली. "हलू नको," म्हणाली.

दुपारच्या गाडीने मी परतलो. रस्ता वस्तीपाशी वळतो तिथे मी खिडकीतून खाली पाहिलं. डांबर एकसारखं आहे, कुठेच काही दिसत नाही.

पिंपळओढ्याला पुढच्या एक मेलाही ते नाटक होईल. ते मला थांबवता आलं नाही. म्हणून जे त्या कंसात लिहायला हवं होतं ते इथे लिहितो. त्या दिवशी नेवाशाच्या कचेरीत रूथ साळवेने सही केली. बाहेर येऊन ती दगडी पायरीवर थांबली, पदर सारखा केला. तिचा चेहरा परीक्षेला उत्तर येत असून पेपर काढून घेतलेल्या मुलीसारखा होता. तिने मला विचारलं, "सर, आता पूल व्हईल ना?"

मी स्कूटरला किक मारत होतो. मी म्हणालो, "होईल. बस."